प्रकल्प नोंदी: सी भाषेतला कॅल्क्युलेटर आणि एकाच वेळी दोनदा चालू असलेलं फंक्शन

३ फेब्रुवारी २०२५

काल रात्री बहिणीचा अभ्यास घेताना ती म्हणाली, "दादा, फॅक्टोरियलचं उत्तर मला काढता येतं. पण एकच फंक्शन एकाच वेळी दोनदा चालू कसं असेल? पहिलं संपलेलंच नाही, मग दुसरं कुठे चालतंय?" मी स्टॅकचं (चालू फंक्शनांची माहिती एकावर एक रचून ठेवणाऱ्या मेमरीचं) ठरलेलं चित्र काढून दिलं. तिने मान डोलावली, पण समाधान झालेलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) हे उदाहरणच मला आता नकोसं वाटतं. साध्या लूपने तेच काम नीट होतं, त्यामुळे शिकणाऱ्याला वाटतं की रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) म्हणजे सोपी गोष्ट अवघड करायची रीत. शिवाय ते फार दूर नेताही येत नाही. ३२ बिटांच्या इंटमध्ये (सीच्या पूर्णांक प्रकारात) १२ चं फॅक्टोरियल (४७,९०,०१,६००) मावतं, १३ चं मावत नाही. तेराच पायऱ्यांत खेळ आटोपतो.

म्हणून ठरवलं की दोघांनी मिळून काहीतरी असं करायचं जिथे रिकर्शन आपणहून लागेल. एक ओळ टाइप करायची, उदाहरणार्थ १०-(२+३)*४, आणि उत्तर मिळवायचं. कंसात कंस, त्यात आणखी कंस असू शकतो. इथे इनपुटचीच ठेवण स्वतःत स्वतःला सामावणारी आहे. भाषा सी. सगळं आपणच लिहायचं.

४ फेब्रुवारी

कागदावर नियम लिहिले. तीन फंक्शनं:

एक्स्प्र: एक टर्म घ्या, पुढे + किंवा - दिसत असेल तोवर आणखी टर्म घेत राहा.
टर्म: एक फॅक्टर घ्या, पुढे * किंवा / दिसत असेल तोवर आणखी फॅक्टर घेत राहा.
फॅक्टर: आकडा असेल तर तो वाचा. उघडणारा कंस असेल तर तो ओलांडा, एक्स्प्रला बोलवा, बंद होणारा कंस ओलांडा.

गुणाकार बेरजेच्या आधी का होतो, याचं उत्तर या मांडणीतच आहे. एक्स्प्रच्या हाती पडेपर्यंत टर्मने आपले गुणाकार उरकलेले असतात. प्राधान्यक्रमाचा वेगळा तक्ता लागत नाही.

फाइलमध्ये लिहायला घेतल्यावर पहिला पेच आला. एक्स्प्र टर्मला बोलावतं, टर्म फॅक्टरला, आणि फॅक्टर परत एक्स्प्रला. मग आधी कोणतं लिहायचं? कंपाइलर फाइल वरून खाली वाचतो. ज्याची ओळख अजून झालेली नाही त्याला हाक मारलेली त्याला चालत नाही. वर्तुळात पहिला कोणीच नसतो. बहिणीला आजवर प्रोटोटाइप (फंक्शनची आधीच करून दिलेली ओळख) म्हणजे परीक्षेत लिहायची एक ओळ वाटत होती. आज तिने स्वतःहून तिन्ही प्रोटोटाइप वर लिहिले, कारण त्याशिवाय मार्गच नव्हता.

६ फेब्रुवारी

पहिला खरा घोळ. प्रोग्राम सुरू होतो आणि परतच येत नाही.

आकडा वाचणाऱ्या फंक्शनला आम्ही ओळीतल्या चालू अक्षराचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देत होतो. फंक्शन आकडे ओलांडत पॉइंटर पुढे नेतं आणि किंमत परत करतं. आत सगळं बरोबर. बाहेर आल्यावर मात्र पॉइंटर जिथे होता तिथेच! पुन्हा तोच आकडा, पुन्हा तेच.

सीमध्ये फंक्शनला जे देतो त्याची नक्कल जाते. पॉइंटर दिला तर पॉइंटरचीही नक्कलच जाते. आतल्या फंक्शनने आपली नक्कल पुढे सरकवली, बोलावणाऱ्याची मूळ प्रत जागची हलली नाही. "पॉइंटर दिला की बाहेरचं बदलतं" असं अर्धवट पाठ केलेलं वाक्य इथे नडलं. पॉइंटर ज्याकडे बोट दाखवतो ते बदलता येतं, पण बोटच हलवायचं असेल तर बोटाचा पत्ता द्यावा लागतो, म्हणजे पॉइंटरचा पॉइंटर. दोन तारे (**) लावले आणि चालू लागलं.

नंतर लक्षात आलं की मजकुरातून दशांश संख्या काढणारं स्ट्रटॉड हे लायब्ररीतलं फंक्शन दुसरा आर्ग्युमेंट (फंक्शनला दिली जाणारी किंमत) नेमका असाच मागतं. आकडा कुठे संपला हे त्याला बोलावणाऱ्याला कळवायचं असतं. ते दोन तारे मी कित्येकदा नुसते बघून पुढे गेलो होतो.

आज वहीत एक वाक्य लिहून ठेवलं: ओळीतली आपली जागा सगळ्या फंक्शनांची सामाईक आहे. कोणीही एक अक्षर खाल्लं की ते सगळ्यांसाठी खाल्लं गेलं पाहिजे.

७ फेब्रुवारी

फाइल दोन भागांत तोडली आणि जुन्या लॅपटॉपवर कंपाइल केली. २+३ ला भलताच आकडा. हेडर (प्रोटोटाइप असलेली फाइल) जोडायचं राहिलं होतं. जुना कंपाइलर नुसती वॉर्निंग देऊन पुढे गेला आणि न पाहिलेलं फंक्शन इंट परत करतं असं धरून बसला. आमचं फंक्शन डबल (दशांश संख्या) परत करतं. दोघांनी उत्तर ठेवायची आणि घ्यायची जागा वेगवेगळी. सी९९ या प्रमाणाने ही सवलत काढून टाकली आहे आणि जीसीसी या कंपाइलरच्या १४व्या आवृत्तीपासून ती थेट एरर आहे. यापुढे वॉर्निंग म्हणजे एररच, असं ठरलं.

९ फेब्रुवारी

बहिणीला लूप नको होता. तिचं म्हणणं, "दादा, एक्स्प्र म्हणजे एक्स्प्र, मग वजा, मग टर्म. तसंच लिहू ना! आधी एक्स्प्रला बोलवायचं, मग टर्मला." नियम म्हणून हे अगदी बरोबर आहे. मी अडवलं नाही. लिहिलं, चालवलं, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळला.

का, ते तिनेच शोधलं. एक्स्प्र सुरू होताच एक्स्प्रला बोलावतं. तेही सुरू होताच एक्स्प्रला. मध्ये एकही अक्षर खाल्लं जात नाही. दहाव्या हाकेला जे काम समोर आहे तेच लाखाव्या हाकेलाही आहे. शिकवताना आपण बेस केस, बेस केस (जिथे स्वतःला पुन्हा बोलवावं लागत नाही तो तळ) म्हणून घोकून घेतो, पण इथे बेस केस होता. आकडा वाचणारा फॅक्टर तळाशी बसलेलाच होता, त्याच्यापर्यंत कोणी पोहोचतच नव्हतं. नुसता तळ असून भागत नाही, प्रत्येक हाकेगणिक काम थोडं तरी कमी झालं पाहिजे.

मग तिने उलटं केलं: आधी टर्म, मग वजा, मग उरलेल्यासाठी एक्स्प्र. आता अक्षरं खाल्ली जातात, प्रोग्राम संपतो. १०-४-३ ला उत्तर आलं ९.

हे उत्तर मला फार आवडलं, कारण ते चुकलेलं असूनही त्याला कारण आहे. उरलेलं ४-३ आधी सोडवून १ आला आणि १०-१ म्हणजे ९. आपल्याला हवं ३, म्हणजे डावीकडून सुरुवात. शेवटी वजाबाकीसाठी लूप आणि कंसासाठी रिकर्शन, असं जमलं.

१२ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी होणार.

मी सकाळी कोड आवरत होतो. एक्स्प्रमध्ये डावा आणि उजवा अशी दोन व्हेरिएबलं आहेत. डीबग करताना सोयीचं म्हणून मी ती वर नेऊन ग्लोबल, म्हणजे सगळ्या हाकांत मिळून एकच, केली. आधीच्या चाचण्या चालवल्या: २+३ बरोबर, १०-४-३ बरोबर, (२+३)-१० ला -५, तेही बरोबर. मी ते तसंच ठेवलं.

संध्याकाळी बहिणीने १०-(२+३) दिलं. उत्तर शून्य. १०+(२+३) दिलं तर १०, यायला हवे होते १५.

कंस डावीकडे असला की बरोबर, उजवीकडे असला की चूक. अर्धा तास आम्ही कंस वाचणाऱ्या भागातच शोधत राहिलो. मग मी म्हटलं, हाताने चालवू. तिने कागदावर लिहिलं:

एक्स्प्र सुरू. डावा = १०. पुढे वजा आहे, म्हणून टर्मला बोलावलं.
. . . टर्म फॅक्टरला बोलावतं, फॅक्टरला कंस दिसतो.
. . . . . . एक्स्प्र पुन्हा सुरू. डावा = २.

इथे ती थांबली. पेन्सिल १० वर नेऊन म्हणाली, "अरे, पण हा दहा गेला ना!"

गेलाच होता. आतल्या एक्स्प्रने त्याच डाव्यात २ लिहिले, मग ३ मिळवून ५ केले आणि ५ परत केले. बाहेरचं एक्स्प्र आपलं राहिलेलं काम करायला आलं: डावा वजा उजवा. उजवा ५, आणि डाव्यात दहाऐवजी आता ५. शून्य. कंस डावीकडे असताना हे लपत होतं, कारण तेव्हा बाहेरच्याने डाव्यात अजून काही ठेवलेलंच नसतं. पुसायलाच काही नसतं.

दोन्ही व्हेरिएबलं परत फंक्शनच्या आत नेली. ५ आले. पण एवढ्यावर सोडायचं नव्हतं. जीडीबी (प्रोग्राम मध्येच थांबवून आत पाहायचं साधन) उघडलं आणि ३ हा आकडा वाचताना प्रोग्राम थांबवला. बॅकट्रेस (त्या क्षणी चालू असलेल्या हाकांची यादी) मागितल्यावर पडद्यावर सात ओळी आल्या. त्या अशा:

० फॅक्टर
१ टर्म
२ एक्स्प्र
३ फॅक्टर
४ टर्म
५ एक्स्प्र
६ मेन

एक्स्प्र दोनदा. तिला म्हटलं, दोन नंबरच्या फ्रेममध्ये (त्या हाकेच्या स्वतःच्या जागेत) जा आणि डावा छाप. आले २. आता पाचच्या फ्रेममध्ये जा, तोच डावा छाप. आले १०.

नाव एक, कोड एक, फाइलमधली ओळही एकच. तरी त्याच क्षणी दोन वेगळ्या जागा, दोन वेगळ्या किमती. तिने दोघांचे पत्तेही छापून पाहिले. ते वेगळे होते आणि आतल्याचा पत्ता लहान होता, कारण या मशीनवर स्टॅक वरून खाली वाढतो. ३ तारखेच्या प्रश्नाचं उत्तर तिला पडद्यावरच मिळालं. फंक्शनच्या सूचना एकाच ठिकाणी असतात, पण प्रत्येक हाकेला नवी फ्रेम मिळते. तिच्यात त्या हाकेची स्वतःची व्हेरिएबलं असतात आणि काम झाल्यावर कुठे परतायचं तो पत्ता असतो. पहिलं एक्स्प्र संपलेलं नाही. आपला १० सांभाळत, टर्मच्या उत्तराची वाट बघत ते थांबलंय.

आता ६ तारखेचं वाक्य पुन्हा वाचलं. तेव्हा जागा सामाईक हवी होती आणि आम्ही ती प्रत्येकाला वेगळी दिली, म्हणून प्रोग्राम अडकला. आज डावा ज्याचा त्याला वेगळा हवा होता आणि मी तो सामाईक केला, म्हणून उत्तर चुकलं. रिकर्सिव्ह फंक्शन लिहिताना मला आता हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावासा वाटतो: यातलं काय सगळ्यांचं, आणि काय फक्त या हाकेचं?

(आत असूनही स्टॅटिक लिहिलं असतं तर हेच झालं असतं. स्टॅटिक व्हेरिएबल दिसतं फंक्शनच्या आत, पण त्याची जागा सगळ्या हाकांत मिळून एकच असते. ते लावून पाहिलं: पुन्हा शून्य.)

१३ फेब्रुवारी

कालच्या चुकीला इतिहास आहे. फोरट्रान या जुन्या भाषेच्या सुरुवातीच्या कंपाइलरांत सबरूटीनच्या व्हेरिएबलांना मेमरीत कायमची ठरलेली जागा असे, म्हणजे माझ्या ग्लोबल डाव्यासारखीच. अशा रचनेत सबरूटीनने स्वतःला बोलावणं शक्य नव्हतं, आणि भाषेच्या प्रमाणात रिकर्शन आलं ते थेट फोरट्रान ९० मध्ये. त्याउलट अल्गोल ६० या भाषेने १९६० सालीच त्याला वाट करून दिली होती. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास सी घडवली, तेव्हा लोकल (फंक्शनच्या आतलं) व्हेरिएबल हाकेगणिक नवं, ही गोष्ट भाषेच्या पायातच होती. आपण इतक्या सहज वापरतो की ती कधीकाळी नव्हती हे ध्यानातच येत नाही.

१६ फेब्रुवारी

फ्रेम किती मोठी? थांबायची अट नसलेलं एक छोटं फंक्शन लिहिलं आणि दर हाकेला आपल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता छापायला लावला. ऑप्टिमायझेशन (कंपाइलरने कोड आपणहून वेगवान करणं) बंद ठेवून लागोपाठच्या दोन पत्त्यांत फरक ४८ बाइटांचा. आमच्या लिनक्सवर स्टॅकची मर्यादा ८ एमबी, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. भागिले ४८ केलं की १,७४,७६२. प्रोग्राम १ लाख ७४ हजारांच्या घरात पडला. गणित आणि मशीन असं जुळलं की फार बरं वाटतं.

पहिल्या वेळी मात्र जुळत नव्हतं. आउटपुट फाइलमध्ये वळवलं होतं आणि शेवटच्या ओळी गायब होत्या. प्रिंटएफ हे छापणारं फंक्शन आधी बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवतं, आणि प्रोग्राम असा कोसळला की बफरमधलं फाइलपर्यंत पोहोचतच नाही. कोसळणारी गोष्ट मोजायची असेल तर स्टँडर्ड एररवर (न साठवता लगेच छापणाऱ्या वाटेवर) छापावं.

मग छपाई काढली आणि ओ२ (ऑप्टिमायझेशन चालू करायचा पर्याय) लावून तेच फंक्शन चालवलं. कोसळलंच नाही, नुसतं चालत राहिलं. स्वतःला मारलेली हाक ही शेवटची कृती असेल तर जीसीसी तिचं लूप करून टाकतं, नवी फ्रेम लागतच नाही. पण सीच्या प्रमाणात याची हमी कुठेच नाही, त्यामुळे यावर भिस्त ठेवून कोड लिहायचा नाही.

१८ फेब्रुवारी

बहिणीच्या गृहपाठात फिबोनाची (प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज) होतं. साधं रिकर्सिव्ह फंक्शन ४० साठी चालवून हाका मोजल्या: ३३,११,६०,२८१. उत्तर १०,२३,३४,१५५ आणि हाका त्याच्या तिपटीहून जास्त. तिने वहीतलं माझं वाक्य उघडलं आणि म्हणाली, "इथे कुणीच काही वाटून घेत नाहीये." बरोबर. प्रत्येक हाक सगळं स्वतःपुरतं ठेवते, म्हणून तीच संख्या हजारो जण नव्याने काढतात. तिने काढलेली उत्तरं ठेवायला एक सामाईक ॲरे केला. हाका ७९.

२१ फेब्रुवारी

कंसांच्या आत कंस किती झेपतात? ओळ तयार करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. ३० हजार कंस चालले, ५० हजारांना सेगमेंटेशन फॉल्ट. एका कंसामागे एक्स्प्र, टर्म आणि फॅक्टर अशा तीन फ्रेमा लागतात. मोजल्या तर मिळून २०८ बाइट, म्हणजे कमाल ४० हजारांच्या थोडं वर.

वापरणाऱ्याने काहीही टाइप केलं तरी प्रोग्रामने असं मरता कामा नये. खोली १००० पेक्षा जास्त झाली की "कंस फार खोल" असं सांगून थांबायचं. आता ही खोली ठेवायची कुठे, सगळ्यांची की ज्याची त्याची?

मी आधी सामाईक मोजणी केली: आत जाताना एक वाढवा, बाहेर येताना एक कमी करा. चाललं. पण बंद कंस नसलेली ओळ दिली की फॅक्टर एरर घेऊन मधूनच परततं आणि कमी करायची ओळ राहून जाते. पुढच्या ओळीला मोजणी एकने चढलेलीच. हजार चुकीच्या ओळींनंतर साध्या (२+३) लाही "कंस फार खोल" आलं असतं.

मग खोली आर्ग्युमेंट म्हणून दिली. पुढच्या हाकेला देताना त्यात एक मिळवायचा. ६ तारखेला ज्या नकलेने आम्हाला अडवलं, तीच इथे कामाला आली: आतल्याने आपली नक्कल काहीही केली तरी बाहेर आल्यावर आपली खोली जशीच्या तशी. परत कमी करायला नको, विसरायची भीती नाही.

तपासणी मी कंस उघडण्याच्या जागी टाकली होती. बहिणीने एक लाख उणे चिन्हं आणि शेवटी ५ अशी ओळ दिली. कोसळलं. उणे चिन्ह दिसलं की फॅक्टर थेट फॅक्टरलाच बोलावतं, कंसाचा संबंधच येत नाही. तपासणी फॅक्टरच्या पहिल्या ओळीवर नेली. कोणत्याही वाटेने खोल गेलं तरी फॅक्टर लागतंच.

२३ फेब्रुवारी

घाताचं चिन्ह तिने एकटीने बसवलं, मी दुसऱ्या खोलीत होतो. पॉवर नावाचं नवं फंक्शन: एक फॅक्टर घ्या, पुढे ^ असेल तर तो ओलांडून उजव्या बाजूसाठी पॉवरलाच बोलवा. टर्म आता फॅक्टरऐवजी पॉवरला बोलावतं. खोली एकने वाढवून पुढे द्यायलाही ती विसरली नव्हती.

लूप का नाही, असं मी विचारलं. तिने १०-४-३ ची जुनी पानं काढली. तिथे उजवीकडून सोडवणं चूक होतं. घातात तेच हवं असतं: २^३^२ म्हणजे २ चा नववा घात, ५१२. लूपने डावीकडून केलं असतं तर ८ चा वर्ग ६४ आला असता. ९ तारखेची तिची फसलेली मांडणी इथे जशीच्या तशी बसली.

चालवलं, ५१२.

-२^२ ला मात्र आत्ता ४ येतंय. उणे चिन्ह फॅक्टरमध्ये आहे, त्यामुळे ते घाताच्या आधी चिकटतं. गणिताच्या रीतीने -४ यायला हवं. उद्या टर्म आणि पॉवर यांच्या मध्ये उणेसाठी वेगळं फंक्शन घालायचं, आणि ^ च्या उजवीकडे पॉवरऐवजी त्यालाच बोलवायचं, म्हणजे २^-१ सुद्धा चालेल. खोलीची तपासणी तेव्हा कुठे ठेवायची, ते पुन्हा पाहावं लागेल.